पहिलं थँक्सगिव्हिंग, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि लेकीची रूममेट

तगर | १९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४२

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

लेक ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला कॉलेजात गेली. पुढच्या बुधवारी पहिल्यांदा घरी येतेय. गणपतीला नव्हती, दिवाळीलाही नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिची मिडटर्म होती. व्हिडिओ कॉलवर ओवाळायला घेतलं तर ताम्हन हातात असतानाच नेटवर्क गेलं. तेव्हापासून चकल्यांचा एक डबा तिच्या नावाने फ्रीझरमध्ये आहे, नवऱ्याला हात लावू दिलेला नाही.

सरकारी कामकाज ठप्प होऊन (शटडाऊन) विमानं धडाधड रद्द होत होती तेव्हा घाबरून ट्रेनचं तिकीट काढलं. सकाळी साडेसातला पिट्सबर्गहून निघते, दुपारी साडेचारच्या सुमारास इथे न्यू जर्सीत नेवार्कला येते. नऊ तास! पण विमानतळावरच्या बुधवारपेक्षा बरं. तोवर सगळं ठीक होतं. परवा तिचा फोन आला, "आई, रूममेटलाही आणते. ती अलास्काची आहे, चार दिवसांसाठी घरी जाणं परवडत नाही तिला." मी आनंदाने हो म्हटलं. फोन ठेवला आणि कालनिर्णयकडे लक्ष गेलं.

२७ तारखेला, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे.

साबा (सासूबाई) साताऱ्याहून आल्यात, मार्चपर्यंत आहेत. येताना पोथी, घटाचं वस्त्र, सुपाऱ्या सगळं घेऊन आल्यात. मार्गशीर्षात त्यांच्या स्वयंपाकघरात अंडंही चालत नाही. स्वयंपाकघर माझं असलं तरी मार्च येईपर्यंत ते त्यांचंच आहे, हे इथल्या सुनांना सांगायला नको. त्यातून ती मुलगी बिचारी आयुष्यात पहिल्यांदा थँक्सगिव्हिंगला घराबाहेर असणार. तिला काय वरण-भात वाढू? आम्ही आजवर कधी या सणाची टर्की केलेली नाही. नवरा चिकन खातो, पण चौदा पौंडाचा पक्षी ओव्हनमध्ये घालायची त्याची छाती नाही.

आणि एक. लेकीच्या खोलीत सध्या साबा झोपतात. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

---

कढीपत्ता | १९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

हाहा, शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते तू शेवटी टाकलंस. आधी फोन कर आणि खोलीचं सांग. टर्कीचं बघू.

---

मिशिगनकर | २० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

थँक्सगिव्हिंग गुरुवारीच येतं, म्हणजे दत्ताचे, स्वामींचे, साईबाबांचे गुरुवार पाळणाऱ्या प्रत्येक मराठी घरात दरवर्षी हा पेच असतोच. १८६३ साली यादवी युद्ध चालू असताना लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्यामागे सेरा जोसेफा हेल नावाच्या संपादिकाबाई होत्या, वर्षानुवर्षं एकेका राष्ट्राध्यक्षाला पत्रं लिहून त्यांनी पिच्छा पुरवला होता. १९३९ मध्ये नोव्हेंबरला पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात अशी व्यापाऱ्यांची कुरकुर सुरू झाली, म्हणून रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही. तीन वर्षं देशात दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाली! शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसने 'चौथा गुरुवार' असा कायदा केला.

तात्पर्य, तारखेवरून भांडण हे या सणाला नवीन नाही. सासूबाईंना सांगा.

---

तगर | २० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

@मिशिगनकर, सांगितलं. म्हणाल्या, "मग त्या लिंकनला बुधवार नव्हता का सापडला?"

---

पागोळी | २० नोव्हेंबर, सकाळी ९:५०

तगर, एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे. नोव्हेंबरअखेर न्यू जर्सीत सूर्यास्त साडेचारच्या सुमारास होतो. घटाची संध्याकाळची पूजा, कहाणी, नैवेद्य असं करून उपास सुटेपर्यंत साडेपाच. अमेरिकन घरांत थँक्सगिव्हिंगचं जेवण तीन-चारपासून असतंच. म्हणजे साबांची उपास सोडायची वेळ आणि पाहुणीची जेवायची वेळ जवळजवळ एकच. भारतात असतीस तर दिवेलागणीला साडेसहा झाले असते.

बाकी टर्की सोडली तर त्या टेबलावरचं बहुतेक सगळं शाकाहारीच असतं गं. कुस्करलेले बटाटे, फरसबीचं कॅसरोल, रताळी, मका, भोपळ्याचा पाय (हा खायचा, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ). फक्त स्टफिंगच्या तयार पाकिटांमध्ये आणि ग्रेव्हीत चिकनचा अंश असतो, डबा उलटा करून वाच. पायच्या कवचात कधी लार्ड (डुकराची चरबी) असते, आणि पायमध्ये अंडं तर असतंच. तो विकतचा आण आणि स्वयंपाकघरात नेऊच नकोस.

रताळ्यांवर मार्शमेलो घालतात त्यात जिलेटिन, म्हणजे तेही प्राण्यांपासूनचं. ते गाळ. तसंही ते गाळावं असंच असतं. :)

---

ओसरी | २० नोव्हेंबर, दुपारी १२:२०

थोडं अवांतर. टर्कीचा आपल्याशी संबंध नाही असं कुणाला वाटत असेल तर: १६१२ साली मोगल बादशहा जहांगिराचा सरदार मुकर्रबखान याने गोव्यातून पोर्तुगीजांकडून काही अजब प्राणी-पक्षी त्याच्याकडे आणले, त्यात टर्की होता. जहांगिराने आत्मचरित्रात त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. माजावर आला की डोकं-मान पोवळ्यासारखी लाल होते, मग कापसासारखी पांढरी, कधी पिरोजासारखी निळी. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. अमेरिकेत प्लिमथच्या इंग्रज वसाहतीतल्या ज्या जेवणाला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात ते १६२१ चं. म्हणजे टर्की गोव्याला आधी पोचला होता.

नावाची तर आणखी गंमत. पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्रज म्हणाले तुर्कस्तानचा. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच नावाचा अर्थ 'हिंदुस्थानचा', डच नाव कालिकतवरून. आणि पोर्तुगीज त्याला म्हणतात 'पेरू'. तेव्हा तगर, साबांना बिनधास्त सांग, पेरू भाजतेय.

---

कढीपत्ता | २० नोव्हेंबर, दुपारी १२:३१

पेरूची कोशिंबीर माहीत होती, आता पेरूचं स्टफिंग!

---

स्पष्टवक्ता | २० नोव्हेंबर, दुपारी २:१०

सगळं छान, पण आपण हा सण का करतो? तिथल्या मूळ रहिवाशांनी उपाशी इंग्रज वसाहतकऱ्यांना जगवलं आणि पुढे त्यांचीच जमीन गेली. १९७० पासून प्लिमथलाच याच दिवशी मूळ रहिवासी 'शोकदिन' पाळतात. इकडे आपण पायसोबत सेल्फी टाकतो.

---

मिशिगनकर | २० नोव्हेंबर, दुपारी ३:४५

खरं आहे. त्या वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. १६२१ च्या त्या तीन दिवसांच्या मेजवानीला वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट आणि त्याचे नव्वदेक पुरुष होते आणि येताना त्यांनी पाच हरणं आणली होती. म्हणजे पाहुण्यांची संख्या यजमानांहून जास्त, आणि जेवणही बरंचसं पाहुण्यांनीच आणलेलं. टर्की होता की नाही हेही ठाम सांगता येत नाही. तेव्हाच्या पत्रात नुसतं 'पक्षी मारून आणले' असं आहे.

आमच्याकडे मुलं शाळेत असताना कागदाच्या पिसांची टोपी घालून यायची, ते बंद झालं ते बरंच झालं. पण चार दिवस सुट्टी असते आणि मुलं घरी येतात. आम्ही तेवढ्यासाठी करतो.

---

धुण्याची पिशवी | २० नोव्हेंबर, रात्री ११:५८

नमस्कार. मी इथे फक्त वाचतो. शिकागोजवळ मराठी शाळेत मराठी शिकलो, चुका असतील तर माफ करा. आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईने हा धागा पाठवला आणि म्हणाली लिही, तुम्हा मुलांना काय वाटतं ते.

काकू, ती आल्यावर पहिले दोन दिवस झोपेल. प्लीज उठवू नका. आमची फायनल थँक्सगिव्हिंगनंतर एक-दोन आठवड्यांत असते, त्यामुळे ही खरी सुट्टी नाही. पुस्तकं घेऊन येतो आणि उघडत नाही आणि चार दिवस गिल्टी वाटतं.

बुधवारी रात्री हायस्कूलचे सगळे फ्रेंड्स भेटतात. ती जाईल. ती तुमच्यावर रागावून जात नाहीये. पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा आईने चार पदार्थ केले होते आणि मी साडेसातला निघून गेलो. ती काही बोलली नाही. नंतर बाबांनी सांगितलं की ती रडली. मला खरंच कळलं नव्हतं.

आणि ग्रेड्सबद्दल बाकी काका-काकूंसमोर विचारू नका. एकटीला कारमध्ये विचारा. कारमध्ये आम्ही सांगतो, कारण समोर बघायचं असतं.

खोलीचं: माझ्या खोलीत बाबांनी ट्रेडमिल ठेवली. मी काही बोललो नाही. पण आधी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

---

कढीपत्ता | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

बाळा, चुका कसल्या! "कारण समोर बघायचं असतं" हे वाचून थांबलेच.

---

पागोळी | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:००

+१. माझी दोन्ही मुलं कारमध्येच बोलायची. थोरल्याने मेजर (कॉलेजातला मुख्य विषय) बदलल्याचं आम्हाला आय-८० हायवेवर कळलं. नवऱ्याने गाडी कडेला घेतली होती.

---

रंकाळा | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

मी ओहायोत एमएस करतोय, मूळ कोल्हापूरचा. घरी जाण्याचा प्रश्नच नाही, तिकीट सव्वा लाखाच्या घरात जातं. गेल्या वर्षी माझं पहिलं थँक्सगिव्हिंग. बुधवारी दुपारपासून कँपस रिकामं व्हायला लागलं. आईबाप गाड्या घेऊन येतायत, मुलं धुण्याच्या पिशव्या टाकतायत, मिठ्या मारतायत. संध्याकाळी बघतो तर मेस बंद, बस बंद, लायब्ररी बंद. पार्किंगमध्ये एक गाडी नाही. गुरुवारी मी आणि एक नायजेरियन मुलगा, दोघांनी मिळून अंडा-भुर्जी केली. त्याला तिखट कमी वाटली!

तगरताई, त्या मुलीला बोलावलंत तेच खूप झालं. तिला वरण-भात दिलात तरी चालेल.

---

मिशिगनकर | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

@रंकाळा, ओहायोत कुठे? टोलेडोच्या बाजूला असाल तर आमच्याकडून तास-सव्वा तास. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. भुर्जी मीही करतो, तिखट मात्र कोल्हापुरी जमत नाही. जेवणानंतर डेट्रॉईट लायन्सची (अमेरिकन फुटबॉलची) मॅच बघावी लागेल एवढीच अट. १९३४ पासून ते या दिवशी खेळतात आणि आमच्या घरात २००२ पासून या दिवशी आरडाओरडा होतो.

---

रंकाळा | २१ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

व्यनि मिळाला. येतो काका. फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण ओरडता येतं.

---

तगर | २१ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. लेकीला फोन करून खोलीचं सांगितलं. दोन सेकंद शांतता. मग "इट्स फाइन" म्हणाली. हे 'फाइन' कुठलं ते आयांना माहीत असतं. दोघी बेसमेंटमध्ये सोफा-कम-बेडवर झोपतील.

टर्कीचा तोडगा साबांनीच काढला. "माझ्या ओव्हनमध्ये नाही. खाली काय करायचं ते करा, मला सांगू नका." म्हणून शुक्रवारी नवरा दुकानातून शिजवलेलं टर्की ब्रेस्ट आणणार, बेसमेंटमध्ये, कागदी ताटल्यांत. गुरुवारी वर सगळं शाकाहारी.

क्रॅनबेरीचं लोणचं घालतेय. आत्तापर्यंत करून पाहिलं नसेल तर जरूर करा, करवंदाची आठवण येते. बेरी धुऊन अगदी कोरड्या पुसायच्या, अर्ध्या करायच्या. मोहरी-हिंगाची फोडणी गार करून, लोणचं मसाला, मीठ, मेथीपूड आणि मूठभर गूळ. दुसऱ्या दिवसापासून खाता येतं. आमच्या जर्सीत पाइन बॅरन्समध्ये क्रॅनबेरीची शेतं आहेत. ऑक्टोबरात पाणी सोडून पीक काढतात तेव्हा अख्खं शेत लाल तरंगताना दिसतं.

---

पागोळी | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

शिजवलेलं आणताय ते उत्तम. कच्चा गोठवलेला आणला असतात तर आत्तापासून फ्रीजमध्ये ठेवायला लागला असता, दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो वितळायला. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा अर्धवट गोठलेला पक्षी उकळत्या तेलात सोडला. फायर ब्रिगेड आली होती.

---

तगर | १ डिसेंबर, रात्री १०:२०

झालं एकदाचं! आज पहिला निवांत श्वास घेतेय. वृत्तांत हवा असं तिघांनी व्यनित लिहिलंय, म्हणून.

बुधवारी ट्रेन पन्नास मिनिटं उशिरा. नवरा आणि मी चार वाजल्यापासून नेवार्क स्टेशनवर. ती आली, मला वाटलं होतं धावत येईल. तिने आधी मागे वळून रूममेटची बॅग उतरवून घेतली. मग आली. बारीक झालीय, आणि केस कानापर्यंत कापलेत. हे फोनवर कधी दिसलं नव्हतं कारण ती कायम हूड घालून बसायची. मी काही बोलले नाही. (बोलले. पण कारमध्ये.)

त्या दिवशी चंपाषष्ठी. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, त्यामुळे साबांचं भरीत-भाकरी ठरलेलं. चार महिन्यांनी वांगं घरात आलं होतं. साबांनी ते ओव्हनच्या ब्रॉयलरखाली भाजायला ठेवलं आणि स्मोक अलार्म वाजायला लागला. साबा टॉवेलने वारा घालतायत, "येळकोट येळकोट" चालू, आणि त्यातच या दोघी दारातून आत. पाहुणीला वाटलं हे स्वागतच आहे.

तिने यजमानांसाठी भेट आणली होती. अलास्काहून तिच्या वडिलांनी पाठवलेला, स्वतः धुरावलेला सामन मासा, दोन पाकिटं. साबांनी विचारलं काय आहे. लेक म्हणाली, "आजी, त्यांच्याकडचा सुकामेवा." मी पाकिटं उचलून गराजच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. भांड्याला भांडं लागायची वेळ होती, वाचलो.

साडेसातला लेक मैत्रिणींना भेटायला गेली. 'धुण्याची पिशवी', तुझी आठवण काढली. मी रडले नाही. पाहुणी मात्र गेली नाही, थकले म्हणाली, आणि साबांशेजारी बसून भाकरी कशी थापतात ते बघत राहिली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तिसरी भाकरी तिने थापली, तव्यावर टाकताना दुमडली, साबांनी तीच स्वतःच्या ताटात घेतली.

गुरुवारी दोघी दीडला उठल्या. घट सकाळीच मांडला होता. पाच डहाळ्या कुठून आणायच्या हा दरवर्षीचा प्रश्न, अंगणातल्या मेपलला पान नाही. शेवटी नागवेलीची पानं इंडियन स्टोअरमधून. संध्याकाळी साबांनी कहाणी वाचली आणि लेक पाहुणीला इंग्रजीत सांगत होती. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, शामबाला. शामबाला माहेरून निघताना मीठ घेऊन जाते, नवरा विचारतो माहेराहून काय आणलंस, ती म्हणते राज्याचं सार. दुसऱ्या दिवशी सगळा स्वयंपाक अळणी करते आणि मग पानात मीठ वाढते. इथे लेक सांगता सांगता अडखळली. 'सार'ला इंग्रजी शब्द सापडेना. म्हणाली, "म्हणजे सूप नाही." हसून हसून साबांना पोथी पुढे वाचवेना.

जेवायला पुरणपोळी, मटकीची उसळ, कुस्करलेले बटाटे, फरसबीचं कॅसरोल (साबांनी त्यात मिरची घातली) आणि माझं क्रॅनबेरी लोणचं. पाहुणी सगळं खात होती, पण लोणच्याकडे जरा उदास बघत होती. खोदून विचारल्यावर कळलं की तिच्या घरी डब्यातली जेली असते. डबा उघडला की जशीच्या तशी थाळीत उतरते, डब्याच्या वळ्यांसकट. त्या वळ्यांवरून सुरी फिरवून चकत्या करायच्या, हे काम लहानपणापासून तिचं. टर्कीबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता. मी आठवडाभर चुकीच्या पदार्थाची काळजी करत होते!

नवरा उठला. थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळी सहा वाजता दुकानं कुठली उघडी असणार. तीन ठिकाणं बंद. शेवटी गॅस स्टेशनशेजारच्या छोट्या दुकानात एक धुळीचा डबा मिळाला. तो उघडून थाळीत उतरवला, 'प्लप' असा आवाज आला, आणि ती मुलगी पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग फोन घेऊन बाहेर थंडीत गेली आणि अर्धा तास आईशी बोलत होती. साबा दोनदा विचारून गेल्या, पोर बाहेर का उभी आहे, शाल तरी द्या.

शुक्रवारची टर्की कोरडी होती. त्याबद्दल एवढंच.

रविवारी निघताना लेकीने सात किलो धुणं, मेतकूट, भाजणी, लोणच्याची बरणी घेतली. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, मीठ आहे का एक्स्ट्रा? फ्लोअरच्या किचनमध्ये नाहीये." मी आणि साबांनी एकमेकींकडे बघितलं. ती म्हणाली, "काय? खरंच नाहीये." दिला पुडा.

---

कढीपत्ता | १ डिसेंबर, रात्री १०:४४

तगर, वाचता वाचता चहा गार झाला. खोलीचं काय झालं शेवटी?

---

तगर | १ डिसेंबर, रात्री १०:५१

शनिवारी रात्री पाणी प्यायला उठले तर बेसमेंटमध्ये पाहुणी एकटीच झोपलेली. वर येऊन बघितलं तर लेक तिच्या खोलीत, साबांच्या पांघरुणात. दोघी घोरत होत्या.

---

रंकाळा | २ डिसेंबर, सकाळी ९:१०

मी मिशिगनकर काकांकडे तीन दिवस राहिलो. लायन्स हरले. काकांशी अजून त्या विषयावर बोलता येत नाही.

---

पागोळी | २ डिसेंबर, सकाळी ९:२५

तगर, आणि त्या फ्रीझरमधल्या चकल्या?

---

तगर | २ डिसेंबर, सकाळी ९:४०

अरे देवा.